मागच्या रांगेत काय भाजी?

नाना माईक तपासताना कधी 'हॅलो, हॅलो' म्हणायचे नाहीत. 'वन, टू, थ्री' पण नाही. माईकमध्ये फुंकर मारणाऱ्याला किंवा त्याच्या डोक्यावर टिचक्या मारणाऱ्याला ते सरळ स्टेजवरून खाली उतरवायचे, मग तो सभेचा अध्यक्ष का असेना. "तुमच्या कानात कुणी अशी फुंकर मारली तर चालंल का?" एवढंच विचारायचे. त्यांची स्वतःची पद्धत निराळी होती. सतरंज्या अंथरून झाल्या, माणसं येऊन टेकायला लागली की नाना माईक हातात घ्यायचे, शेवटच्या रांगेतली एखादी बाई हेरायचे आणि घरात विचारावं तशा आवाजात म्हणायचे, "मागच्या मावशी, आज काय भाजी केली?"

मग गप्प उभे राहायचे. उत्तर येईपर्यंत.

बाई आधी इकडंतिकडं बघायची. शेजारणी तिला कोपरानं ढोसायच्या. शेवटी ती लाजत ओरडायची, "वांगं!" नाहीतर, "कशाची भाजी, पिठलं!" आजूबाजूच्या चारजणी हसायच्या. त्या हसल्या की नाना मान हलवून माईक खाली ठेवायचे. झाली तपासणी.

सहा वर्षं मी हा प्रकार बघितला. मला वाटायचं, माणूस गमत्या आहे. माईक तपासायला उत्तर कशाला लागतं, हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नाही. प्रश्न पडणं हे आमच्या संघटनेत माझं खातं नव्हतंच. माझ्याकडं उत्तरांचं खातं होतं.

मी पत्रकं लिहितो. पाण्यावर, रस्त्यावर, कंत्राटी कामगारांवर, फी-वाढीवर. विषय सांगा, तासाभरात पत्रक हजर. तीन परिच्छेद, पाच मागण्या आणि मावतील तेवढी उद्गारचिन्हं. ही पत्रकं मी सभेत वाचायचो आणि त्या सभांना स्पीकर नानांचे असायचे. पुंडलिकनगरात, गल्ली सहाच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं गोदाम होतं. लग्न, उरूस, जयंती, सप्ताह, प्रचारसभा आणि त्या प्रचारसभेच्या विरोधातला मोर्चा, सगळीकडं स्पीकरच्या त्याच पेट्या जायच्या. मला हे खटकायचं. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, "नाना, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

ते वायर गुंडाळत होते. ते कायम वायर गुंडाळत असायचे. तळहात ते कोपर, तळहात ते कोपर, एकाच लयीत. बोलताना, चहा पिताना, कुणाचं भाषण चालू असतानासुद्धा. त्या लयीत खंड न पाडता म्हणाले, "ज्याला ऐकू यीना, त्याच्या."

काय वाक्य होतं! मी ते तिथल्या तिथं चोरलं. पुढच्या पत्रकाचा मथळाच केला. त्या वाक्यामागं एक खरोखरचा कान असेल, असं मला चुकूनही वाटलं नाही.

आमची पहिली भेटच माझ्या नाचक्कीची. नळाला आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यावर माझं आयुष्यातलं पहिलं भाषण होतं. मी सुरुवातीलाच टिपेला गेलो. जसजसा मी चढत गेलो तसतसा माझाच आवाज मला बारीक ऐकू यायला लागला. मी आणखी ओरडलो. आवाज आणखी बारीक. शेवटी तर घसा फाडून बोलत होतो आणि पेट्यांमधून येत होतं ते देवळातलं पुटपुटणं. उतरलो आणि थेट यंत्रापाशी गेलो. "तुम्ही माझा आवाज दाबलात! कुणी सांगितलं दाबायला?"

"तूच सांगितलं," नाना म्हणाले. "तू ओरडायलास, तर मग माईक कशाला? आन माईक हाय, तर मग ओरडायलास कामून?"

"राग व्यक्त करतोय मी!"

"कर की. पण मेंढरामागं जल्म गेला माझ्या बापाचा. मेंढराला ओरडून बोलवलं तर ते पळतंय. हळू बोलवलं तर वळून बघतंय." मग माझ्या हातातल्या कागदाकडं बोट करून, "ते काय, समदं लिहून आणतोस का? उसासे बी?"

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'पत्रक' ठेवलं. "काय पत्रक, चहा घेतो का?" "पत्रक, ती पेटी धर." माझं खरं नाव त्यांच्या बायकोला, काकूंना, ठाऊक होतं. पण त्यासुद्धा गोदामाच्या मागच्या घरातून हाक मारायच्या ती, "अहो, पत्रक आलंय" अशीच. नपुंसकलिंगी. मी ते सहन केलं, कारण काकूंच्या हातचं पिठलं.

नानांची आणखी एक लकब होती. त्यांच्यासोबत चालायला लागलं की ते दंडाला धरून आपल्याला त्यांच्या उजव्या बाजूला घ्यायचे. रस्त्यात, मोर्च्यात, चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसतानाही. मला वाटायचं, मान देतात. तरुण कार्यकर्त्याला उजवीकडं बसवायची जुन्या लोकांची काही रीत असेल. मी त्या मानाला शोभेल असा ताठ बसायचो.

आणि येरझाऱ्या. सभा सुरू झाली की नाना शेवटच्या रांगेच्या मागं जायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत राहायचे. डाव्या पेटीपासून उजव्या पेटीपर्यंत, पुन्हा उलट. आमच्यात यावरून मतभेद होते. काहींचं म्हणणं, वायर तपासतात. माझं म्हणणं, कंटाळतात.

चिकलठाण्याला एका कारखान्याच्या फाटकासमोर आमची सभा होती. विषय होता, यंत्रांच्या आवाजानं कामगारांना येणारा बहिरेपणा. पत्रक माझंच, आणि मला अजूनही वाटतं की बरं होतं. 'पत्रा ठोकणारी प्रेस रोज थोडा थोडा कान ठोकून चपटा करते!' असं एक वाक्य होतं. वाचताना मी स्वतःच भारावलो. नाना मागं येरझाऱ्या घालत होते. सभा संपल्यावर पेट्या टेम्पोत चढवताना मी विचारलं, "नाना, कसं झालं?"

"अर्धं लई चांगलं होतं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते म्या नाय ऐकलं."

मी रागावून दोन दिवस गोदामाकडं फिरकलो नाही. कामगारांच्या बहिरेपणाबद्दल मी तळमळून बोलतोय आणि हा माणूस अर्धंच ऐकतो! समाज असाच असतो, असं मी तेव्हा डायरीत लिहिलं. ती डायरी माझ्याकडं आहे. कुणाला दाखवत नाही.

आता दीपा आणि समीर. गल्ली सहामध्ये समोरासमोर घरं. मधे रस्ता, तोही एक रिक्षा आणि एक म्हैस एकदम जाणार नाही एवढा. दोघं लहानपणापासून आमच्या सभांच्या आधी गाणी म्हणायचे, नानांच्या माईकवर, एकच डफ घेऊन. दीपाचा आवाज किंचित खरखरीत, समीरचा गोड. पुढं दोघांनी मिळून नाव घेतलं 'गल्ली सहा', मोबाईलवर गाणी टाकायला लागले, ती चालली, आणि गेल्या वर्षी त्यांचा अल्बम आला. 'समोरचं घर'. आठ गाणी. आणि डफ कुठं? डफ नाही! साठ वादकांचा वाद्यवृंद. व्हायोलिनांच्या लाटा, चेलो, बासऱ्या, एक वीणेसारखं काहीतरी झुळझुळणारं. त्यातलं एक गाणं नळाच्या पाण्याची वाट बघण्यावर होतं. पाणीटंचाईला व्हायोलिन! मी पेटलो.

अल्बम मी दोनदा ऐकला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मला हे बऱ्याच जणांना सांगावं लागलं. एकदा हर्सूलहून सिटी बसनं येताना आणि एकदा घरी भांडी घासताना. दोन्ही वेळा माझ्या इयरफोनवर, जो मी तीन वर्षं जपून वापरतो, कारण सारख्या नव्या वस्तू घेणं मला पटत नाही. आणि मला जे आढळलं ते भयंकर होतं. आठही गाण्यांत समीर गातोय. दीपा जवळजवळ नाहीच. कुठंतरी लांब, भिंतीपलीकडं, विहिरीतून आल्यासारखा तिचा आवाज पुसट घुमतो. समीर काहीतरी विचारतो, मग भलीमोठी पोकळी, त्या पोकळीत व्हायोलिन रडतात, मग समीर पुन्हा सुरू.

पत्रक तासाभरात तयार झालं. मथळा होता, 'मखमलीखाली गाडलेली दीपा!' आत लिहिलं होतं, 'संपूर्ण अल्बममध्ये चळवळीच्या या लेकीला एकही सबंध ओळ नाही! तिला माजघरात बसवून गुणगुणायला लावलं आहे! हा आवाज कुणी दाबला?' संघटनेत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, एकदा सगळ्यांनी अल्बम ऐकून घ्या. तर एकजण म्हणाला, "त्याची काय गरज? तू लिहिलंयस ना."

दीपाचा मला एका ओळीचा मेसेज आला. 'तू ऐकलास का?'

मी लिहिलं, 'दोनदा.'

नंतर तिनं काही लिहिलं नाही. मला वाटलं, बोलायची चोरी आहे बिचारीला.

याच सुमारास गल्लीजवळच्या मैदानावर दोघांचा कार्यक्रम ठरला होता. आपल्या गल्लीत पहिल्यांदा. स्पीकर अर्थातच नानांचे. नानांनी महिनाभर आधी पेट्या उघडून त्यांची धूळ काढली होती, कातडी पट्ट्यांना तेल लावलं होतं, एका पेटीला नवा पडदा बसवला होता. मला म्हणाले होते, "हे केलं की बास. सेट विकणार. शेवटचं काम मनासारखं मिळालं." आणि माझं पत्रक मैदानाच्या समितीपर्यंत पोचलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, बायकांचा विषय निघालाय, उद्या मैदानात घोषणा होतील, नकोच ती परवानगी. रविवारपर्यंत ठरवू.

शुक्रवारी दुपारी नानांनी मला गोदामात बोलावलं. मला वाटलं, भांडायला. मी पाच मुद्दे काढून गेलो.

गोदामात गल्लीतल्या सात-आठ बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कुणाच्या पुढ्यात मेथी, कुणाच्या गवार, कुणाच्या ताटात निवडायचे तांदूळ. ही नानांची जुनी रीत. कार्यक्रमात वाजणार ते गाणं आधी गोदामात बायकांना ऐकवायचं, आणि बायकांनी येताना निवडणं-टिपणं घेऊन यायचं. "गाणं चांगलं का वाईट ते तोंडाला इचारू नको," असं त्यांचं म्हणणं. "तोंड मनानं बोलत नाय. हाताला इचार. हात थांबला की गाणं खरं." काकूंनी माझ्यापुढंही एक लसणाचा गड्डा टाकला. "हातानं रिकामं बसू नको. सोल."

मी आधी मुद्दे मांडले. बायकांनी मेथी निवडत ऐकले. एकीचाही हात थांबला नाही. मग मी पुरावा म्हणून खिशातून इयरफोन काढला, फोनला जोडला आणि नानांना दिला. "तुम्हीच ऐका. तुमच्याइतकं आवाजाचं कुणाला कळतं? दीपा कुठंय ते सांगा."

नानांनी इयरफोनची दोन्ही टोकं दोन्ही कानांत घातली. डोळे मिटले. एक अख्खं गाणं ऐकलं. मग गंभीरपणे म्हणाले, "पत्रक, तुजं खरं हाय. पोरगी लांब कुठंतरी हाय. हा एकलाच गातोय."

"बघा!" मी बायकांकडं वळून म्हणालो. "बघा! नाना सांगतायत!"

काकूंनी पदर तोंडाशी धरला. त्यांच्या खांद्यांना आधी झटके बसले, मग त्या उघड हसायला लागल्या, मग डोळ्यांतनं पाणी. "अगं माय... एकानं इचारलं, दुसऱ्यानं साक्ष दिली! अरे लेकरा, त्यांचा डावा कान चिकलठाण्याच्या प्रेसनं खाल्ला. बारा वर्षं काम केलं तिथं. त्या कानात नगारा वाजवला तरी ऐकू येत नाय त्यांना!"

नानांनी कानातली टोकं काढली आणि डाव्या कानातलं टोक माझ्या उजव्या कानात घातलं. "ऐक."

काहीच नाही. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही.

"ही बाजू मेलीय," नाना म्हणाले. "कवा मेली?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं जपून वापरलेला इयरफोन. त्यातली एक बाजू कधीतरी मेली आणि मला पत्ता नाही, कारण मी गाणी ऐकता ऐकता पुढचं पत्रक लिहीत असतो.

"आता इथं बस," म्हणून त्यांनी मला दोन पेट्यांच्या बरोबर मधे खुर्ची दिली आणि अल्बम लावला.

डाव्या पेटीतून दीपा. जवळ, खरखरीत, पूर्ण. उजव्या पेटीतून समीर. ती तिच्या दारातून हाक मारते, तो त्याच्या दारातून उत्तर देतो. तो विचारतो, 'दार लावलंस का', आणि ज्याला मी भलीमोठी पोकळी समजलो होतो तिथं ती सबंध कडवंभर त्याची खेचते. आठही गाण्यांत ओळीला ओळ. आणि मधे तो साठ जणांचा वाद्यवृंद. तो त्यांच्यावर पांघरलेला नव्हता. तो दोघांच्या मधे होता.

"ही आपलीच गल्ली हाय की गं," मेथीवाली म्हणाली. "डावीकडं दीपीचं घर, उजवीकडं समीरचं."

"आन मधला रस्ता?" दुसरीनं विचारलं.

"मधला रस्ता म्हंजे ते व्हायोलिन," नाना म्हणाले.

मग पाण्याचं गाणं लागलं. सुरुवातीला बराच वेळ कुणी गातच नाही. चेलोंचा खालचा, तुटक, घरघरता आवाज. बसमध्ये मला तो रडका दिखाऊपणा वाटला होता. इथं मी बघितलं, तर मेथीवालीचा हात थांबला. मग गवारवालीचा. सगळ्यांनी माना वर केल्या. नळाला पाणी यायच्या आधी हवा येते ना, खरखर, गुरगुर करत, तोच आवाज होता. या गल्लीत आठ दिवसांतून एकदा येणारा, अंगणात झोपलेल्या बाईलाही खडबडून उठवणारा. व्हायोलिन हळूहळू चढायला लागले, आणि सुलोचनामावशी ताट बाजूला ठेवून उठल्या, पदर खोचला आणि दाराकडं निघाल्या.

"कुठं चालल्या?" काकूंनी विचारलं.

मावशी दारात थांबल्या. "नळाखाली ड्रम लावायला," म्हणाल्या. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आज शुक्रवार का! आज कुठलं पाणी! मेलं माझं ध्यान."

सगळ्या हसल्या. मावशी परत येऊन बसल्या, पण गाणं संपेपर्यंत त्यांनी ताटाला हात लावला नाही.

मी माझ्या मुठीकडं बघितलं. लसणाची एकच पाकळी होती, न सोललेली, घामानं ओली. बाकीचा गड्डा तसाच.

बायका गेल्यावर मी नानांना काय बोलावं ते शोधत होतो. त्यांच्या डाव्या कानाबद्दल, चिकलठाण्याच्या त्या सभेबद्दल, 'अर्धं लई चांगलं होतं' बद्दल. बहिरेपणावर घसा फोडून पत्रक वाचलं आणि ज्याच्या माईकवर वाचलं त्याला साधं विचारलं नाही की आधी काय काम करत होता. मला उजवीकडं बसवायचे तो मान नव्हता. मी ऐकू यावा म्हणून बसवायचे. आणि येरझाऱ्या घालायचे त्या दोन्ही पेट्या एकाच कानानं तपासायला.

मी म्हटलं, "नाना, मला सांगायचं नाही का कधी?"

"तू इचारलं कवा?" ते वायर गुंडाळायला लागले. "तू सांगतच आला कायम."

ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "उजवा बी चाललाय आता. डॉक्टर म्हणले, ह्या धंद्यात राहू नका. ह्या लेकरांचं गाणं आपल्या पेट्यांवर ऐकायचं आन मग बास, असं मनात होतं त्यांच्या. आता तुझ्या कागदानं..." लसूण उचलून आत गेल्या.

अध्यक्षांकडं मी त्याच संध्याकाळी गेलो. ते मुख्याध्यापकच. म्हणाले, पत्रक छापील होतं, माघार तोंडी कशी चालेल? लिहून द्या. मी त्यांच्या टेबलावर बसून आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक लिहिलं. 'अल्बममध्ये दीपाचा आवाज पूर्ण आहे. माझ्या इयरफोनची डावी बाजू बंद होती. मी अर्धंच ऐकलं. कार्यक्रमाला माझी हरकत नाही, माझी तेवढी लायकीही नाही.' एकही उद्गारचिन्ह नाही, एकही मागणी नाही. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा मास्तर म्हणून, दुसऱ्यांदा करमणूक म्हणून. शेवटचं वाक्य खोडायला लावलं. "रडगाणं नको," म्हणाले, आणि परवानगीच्या कागदावर सही केली.

संघटनेत मला 'तडजोडवादी' म्हटलं गेलं. मीच घडवलेला शब्द होता तो. दीपाला मी लांबलचक माफी लिहून पाठवली. तिचं उत्तर आलं, 'नवीन इयरफोन घे.'

नाना कार्यक्रमानंतर महिन्याभरात सेट विकून मुलीकडं राहायला गेले. फोनवर त्यांच्याशी बोलता येत नाही. काकू मधे राहून ओरडून सांगतात, "पत्रक इचारतंय कसे हायेत!" आणि मग मला सांगतात, "बरं हाये म्हणतेत." ते खरंच तसं म्हणतात की नाही, कळायला मार्ग नाही.

म्हणून मला आठवतो तो कार्यक्रमाच्या दिवशीचा पाच-सव्वापाचचा सुमार. मैदानावर सतरंज्या भरत आल्या होत्या. नानांनी माझ्या हातात माईक दिला. "आज तू इचार. मला तिकडून बघायचंय." आणि ते मागं चालत गेले.

मी माईक तोंडाशी धरला आणि सवयीनं दणकून सुरुवात केली. लांबून नानांचा तळहात खाली गेला. हळू. मी पुन्हा, घरातल्यासारखं, विचारलं, "मागच्या मावशी, आज काय भाजी केली?"

आणि थांबलो. माईक हातात असताना न बोलता थांबणं किती अवघड असतं! पुढच्या रांगेतले लोक माझ्याकडं बघायला लागले. हा विसरला का काय, असं. मागं सुलोचनामावशी होत्या. त्यांचं तोंड हललं. स्टेजवर मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. पण त्यांच्या शेजारच्या चारजणी हसून एकमेकींवर कलंडल्या. नाना बाजूला उभे होते आणि माझ्याकडं बघतच नव्हते, त्या चौघींच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी मान हलवली. झाली तपासणी.

उत्तर ऐकू नाही आलं तरी हसू दिसतं. एवढ्यासाठी तो प्रश्न होता. एवढ्या वर्षांनी मला कळलं, तेही स्टेजवर, शेकडो लोकांपुढं, तोंड उघडं ठेवून.

दीपा डावीकडं, समीर उजवीकडं. साठ वादक पुंडलिकनगरात मावले नसते, ते यंत्रातून आले. पहिल्या चार गाण्यांना नाना नेहमीसारखे मागं चालत होते, वायर गुंडाळत, डाव्या पेटीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. माझं व्हायोलिनबद्दल अजूनही पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि पाणी अजूनही आठ दिवसांनीच येतं, हे मी इथं नोंदवून ठेवतो. पण पाचवं गाणं पाण्याचं होतं. ती नळातली घरघर सुरू झाली, आणि मैदानभर माना वर झाल्या. मी मागं बघितलं.

नाना डाव्या टोकाला थांबले होते. स्टेजकडं त्यांचं तोंड नव्हतं. ते मैदानाच्या कडेच्या भिंतीकडं तोंड करून उभे होते, उजवा कान दीपाकडं. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा कुणावर तरी रुसलाय. वायरचं एक वेटोळं तळहातावर होतं, दुसरं कोपराकडं निघालं होतं, आणि मधेच हात थांबला होता.